काळी आणि पांढरी
(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

"जगातल्या प्राचीन संस्कृती कोणत्या?" असं कुणी विचारलं तर आपण झोपेतसुद्धा उत्तर देऊ. इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू आणि चीन. शाळेपासून पाठ आहे. पण मागच्या उन्हाळ्यात माझ्या रूममेटने मला वेगळाच प्रश्न विचारला. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, होस्टेलच्या टाकीत पाणी नाही, आम्ही दोघं बादल्या घेऊन खाली रांगेत उभे. तो नाशिककडचा, म्हणजे गोदावरी उगवते तिथला. म्हणाला, "तुमच्या अहमदपूरकडं आधीपासूनच काही नव्हतं का रे?"

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. मन्याड नदी, बालाघाटचे डोंगर आणि ज्वारी यापलीकडे आपल्या भागाबद्दल मला काही माहीत नव्हतं. मग परीक्षा संपल्यावर लायब्ररीत बसून जे वाचलं, आणि सुट्टीत तेरला जाऊन जे पाहिलं, त्याचा हा लेख.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. तुमच्यापैकी जे खेड्यातून आलेत त्यांना 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द सांगायला नकोत. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे गावठाण, जिथं माणसं राहतात ती जागा. गावठाणाच्या मातीला पांढरा रंग कुठून येतो? राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, जनावरांचं मूत, हाडं, चुना. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की हे सगळं साचत जातं, जमीन राखट होते आणि उंच होत जाते. म्हणून जुनं गाव टेकाडावर दिसतं. ते टेकाड बहुतेक वेळा निसर्गाचं नसतं, माणसांनीच नकळत रचलेलं असतं. इराक-सिरियाकडं अशा टेकाडाला 'तेल' म्हणतात आणि मोठमोठी विद्यापीठं ते खणायला जातात. आमच्या गावात त्याला पांढरी म्हणतात आणि ट्रॅक्टर लावून त्याची माती धाब्याच्या घरावर टाकायला नेतात!

आता संस्कृती उभी राहते म्हणजे नेमकं काय होतं? व्याख्या पुष्कळ आहेत. मला जी पटली ती मेसच्या भाषेत सांगतो. दहा घरांनी पिकवलेलं धान्य दहाच घरांना पुरलं तर दहाही घरं शेतीच करणार. पण तेच धान्य बारा घरांना पुरलं, तर दोन घरं मोकळी झाली. एक कुंभार झाला, एक तांबट झाला. हे वरकड धान्य ठेवायला कोठार आलं, कोठारावर मुखत्यार आला, आणि कुणाचं किती जमा झालं याचा हिशेब आला. इराकमधल्या उरुक शहरात सुमारे ५२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या, जगातलं सर्वांत जुनं लेखन म्हणतात ते. त्यावर काव्य नाही की देवाची स्तुती नाही. बहुतेक पाट्यांवर धान्याचे, जनावरांचे आणि वाटपाचे हिशेब आहेत. म्हणजे मेसचं रजिस्टर!

नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू या सगळ्या नद्यांत एक गोष्ट सारखी होती. दूरच्या डोंगरांतून पाणी आणि गाळ यायचा, गाळात पेरलं की उगवायचं. इजिप्तमध्ये तर पाऊस जवळजवळ पडतच नाही, तरी तिथं हजारो वर्षं राज्यं चालली.

आपल्याकडं तसं नाही. आपल्या पायाखाली बेसाल्टचा थर आहे, त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. नद्यांना बर्फाचा आधार नाही. पाऊस आला तर नदी, नाही तर वाळू. आणि वरची काळी माती कशी आहे ते सॉईल मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनीच भोगलंय. पाण्यात फुगते, उन्हात फाटते. ओली असताना पाय निघत नाही, वाळली की कुदळ लागत नाही. अशा जमिनीवर संस्कृती आपोआप उगवत नसते. तरीही ती उगवली, एकदा नव्हे तर दोनदा. पहिल्यांदा मोडली आणि दुसऱ्यांदा वेगळ्या रीतीनं उभी राहिली.

पहिल्या वेळची गोष्ट सांगायला गोदावरीच्या खोऱ्यात थोडं वरच्या अंगाला जावं लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार काशाच्या वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. नुसता रथच ४५ सेंटिमीटर लांब, आणि चारी वस्तूंचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. त्या नेमक्या किती जुन्या यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण दायमाबादला उत्तरकालीन हडप्पा लोकांची वस्ती होती याबद्दल वाद नाही. सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मुद्रा तिथं मिळाल्यात. म्हणजे मोहेंजोदडो ज्या संस्कृतीचं, तिचं एक टोक आपल्या महाराष्ट्रात, गोदावरीच्या खोऱ्यात येऊन पोचलं होतं. माझ्या रूममेटला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "ते तर आमच्या बाजूला आहे!" असो.

त्यानंतर आली ती जोर्वे संस्कृती. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून तिचं नाव पडलं, कारण तिथं १९५०-५१ मध्ये पहिलं उत्खनन झालं. लाल रंगाची, काळ्या नक्षीची, चांगली भाजलेली भांडी ही तिची खूण. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. तोटीचं भांडं तर इतकं सुबक की आजच्या शोकेसमध्ये ठेवावं. अशी भांडी मिळालेल्या दोनशेच्या वर जागा महाराष्ट्रात सापडल्यात. मराठवाड्यात पैठणजवळचं आपेगाव त्यातलंच.

या लोकांबद्दल सगळ्यात जास्त कळलं ते पुणे जिल्ह्यातल्या इनामगावामुळं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं खणलं. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही मंडळी. एका खेड्यासाठी बारा हंगाम! १३४ घरं उघडी केली त्यांनी. आपण सर्व्हेइंगच्या कॅम्पला आठ दिवसांत कंटाळतो.

इनामगावला वस्ती झाली इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास आणि ती टिकली इ.स.पूर्व ७०० पर्यंत. म्हणजे नऊशे वर्षं. माणसं सातू म्हणजे जव पिकवायची, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ पिकवायची. गाईबैल, शेळ्या-मेंढ्या पाळायची. घरं चौकोनी, कुडाच्या भिंतींची. घरात चूल, धान्याच्या कणगीसाठी मातीचा ओटा, जमिनीत पेव. वस्तीच्या मधोमध एक पाच खोल्यांचं घर होतं आणि त्याला लागूनच कोठार. हे गावच्या प्रमुखाचं घर असावं असं खणणाऱ्यांनी ठरवलं. कोठार ज्याच्या दाराशी, गाव त्याच्या हातात. साडेतीन हजार वर्षांत यात फारसा फरक पडला असं मला तरी वाटत नाही.

पण आपल्या शाखेच्या दृष्टीनं खरी गोष्ट पुढंच आहे. गावाच्या कडेला त्यांना एक चारी सापडली. रुंदी ४ मीटर, खोली साडेतीन मीटरच्या आसपास. आणि तिच्या बाजूनं दगडमातीचा बांध, दोनशे मीटरहून लांब. पुराचं पाणी वळवून चारीत घ्यायचं आणि पाऊस सरल्यावर ते शेताला द्यायचं, अशी ही व्यवस्था. लोखंड नाही, तांबं मोजकंच, दगडी हत्यारं. तेवढ्यावर साडेतीन मीटर खोल खोदकाम! एक्स्कॅव्हेशनचं एस्टिमेट काढताना आपण 'मऊ मुरूम, कठीण मुरूम' लिहितो, ते त्यांनी हातानं उकरलं. असलं काम एका घराचं नाही. सगळ्या गावानं मिळून केलं असेल आणि कुणीतरी ते करवून घेतलं असेल. शासन नावाची गोष्ट कुठून सुरू होते हे इथं दिसतं.

मेलेल्यांनाही ते घरातच ठेवायचे. लहान मूल गेलं तर दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाला आडवं पुरायचे, पण पाय घोट्याच्या वरून तोडून. का? मेलेला माणूस उठून चालता होऊ नये, घर सोडून जाऊ नये, असा तर्क अभ्यासकांनी केलाय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. नंतर वाटलं, असेल माया.

मग इ.स.पूर्व १००० च्या सुमारास उतार लागला. उत्खननात वरच्या थरांत चौकोनी मोठी घरं कमी होतात आणि लहान गोल झोपड्या दिसायला लागतात. भांडी ओबडधोबड होतात. शेती घटते, शिकारीच्या हरणांची हाडं वाढतात. इतर बरीच जोर्वे गावं तर तेव्हाच ओस पडली होती. इनामगाव तीनशे वर्षं कसंबसं तग धरून राहिलं, आणि मग तिथंही कुणी उरलं नाही. ढवळीकरांनी याचं कारण दिलं ते दुष्काळ. पाऊसमान घटलं, शेती परवडेना, लोक शेळ्या-मेंढ्यांमागं भटके झाले. अलीकडं मात्र यावर शंका घेतली गेलीय. अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हवामान एकदम बिघडल्याचा पुरावा पक्का नाही. कोरडवाहू मुलूख, वाढलेली माणसं आणि खंगलेली शेती यांचा एकत्र विचार करायला हवा. मला दोन्ही वाचून एवढंच कळलं की पाऊस कमी होणं आणि गाव मोडणं या दोन गोष्टींच्या मध्ये बरंच काही असतं. सगळ्यांचा आधार नदीकाठची एक चिंचोळी पट्टी आणि एक चारी होती. ती पुरेनाशी झाल्यावर दुसरं काही हाताशी नव्हतं.

एवढी काळी जमीन पडली होती, मग ती का नाही केली? कारण ती त्यांना नांगरता येत नव्हती. काळ्या रानात खोल नांगरट करायला लोखंडी फाळ लागतो, लाकडाचं किंवा दगडाचं काम नाही. लोखंड आलं ते नंतर. नागपूरजवळ पेंच नदीकाठी नैकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टी सापडलीय, इ.स.पूर्व ७०० च्या आसपासची. पुढच्या तीन-चारशे वर्षांत लोखंड दख्खनभर पसरलं, आणि जी काळी आजवर गवताखाली होती ती पिकाखाली आली. कापूस आला. आता आपल्या भागाची पाळी आली.

तेर. धाराशिव जिल्ह्यात (पूर्वीचं उस्मानाबाद) तेरणा नदीच्या काठी. अहमदपूरहून लातूर, तिथून मुरूड-ढोकी करत एसटीनं अर्ध्या दिवसात पोचता येतं. लोक तेरला ओळखतात ते संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून. पण त्यांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी तेर जगाला माहीत होतं, 'तगर' या नावानं.

इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ते पुस्तक प्रसिद्ध आहे. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही. त्यात तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून अकीकासारखे दगड येतात, तगरहून साधं कापड भरपूर, आणि मलमलही. सगळा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं.

मी नकाशावर स्केल लावून बघितलं. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण १५० किलोमीटर. भागिले दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा. भडोच ते पैठण सरळ रेषेत ३५० च्या आसपास, घाटवळणं धरून चारशे. भागिले वीस, दिवसाला वीस. लादलेली बैलगाडी दिवसाला किती जाते हे आमच्या आबांना विचारलं. त्यांनी अजिबात विचार न करता सांगितलं, "पाच-सहा कोस. त्याच्या म्होरं बैल मरतंय." कोस म्हणजे तीन-सव्वातीन किलोमीटर. दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक आणि आमचे आबा यांचा हिशेब जुळला! (दिशा मात्र ग्रीकाची थोडी चुकली. तेर पैठणच्या आग्नेयेला आहे.)

हे सातवाहनांचं राज्य. राजधानी पैठण. तेरला खणलं तेव्हा विटांची बांधकामं, पांढऱ्या चिकणमातीच्या साच्यात काढलेल्या मूर्ती, रोमन धर्तीचे दिवे, मणी, शंखाच्या बांगड्या असं पुष्कळ निघालं. आणि एक हस्तिदंती बाई. दागिने घातलेली. अगदी तिच्या वळणाची दुसरी मूर्ती सापडली ती इटलीत, पाँपेई शहरात, १९३८ साली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, त्यामुळं ती मूर्ती त्याच्या आधीच तिथं पोचलेली होती यात शंका नाही. तशीच आणखी एक जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाली. म्हणजे पाँपेईच्या कुणा श्रीमंताच्या घरातली ती मूर्ती मराठवाड्यातून गेलेली असू शकते. काही तज्ज्ञ ती दुसरीकडची मानतात, पण आम्ही आपलं मराठवाड्याचं म्हणणार!

यातल्या हजारो वस्तू गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या. शिवारात, नदीकाठी, पांढरीवर जे सापडेल ते. ज्या मातीला सगळे खत समजत होते ती हा माणूस चाळत बसला. आज त्यांच्या नावानं तिथं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. होस्टेलवाल्यांनी जरूर जावं. विटा पाहण्यासाठी तरी जावं, कारण तेरची वीट पाण्यावर तरंगते. थट्टा नाही. मातीत भुसा मिसळून वीट पाडली की भाजताना भुसा जळतो, आत बारीक पोकळ्या राहतात आणि विटेची घनता पाण्यापेक्षा कमी होते. आपण ज्याला लाईटवेट ब्लॉक म्हणतो त्याचंच हे तत्त्व. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळही विटांचंच आहे. त्याची मागची बाजू गोलाकार आणि छत गाडीच्या टपासारखं, कारण ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं.

इनामगाव आणि तेर यांच्यात काय फरक आहे ते आता बघा. पाऊस दोन्हीकडं बेभरवशाचाच. पण तेरच्या माणसाजवळ लोखंडी फाळ होता, म्हणून काळी त्याच्या ताब्यात होती. एका वर्षी ज्वारी बुडाली तरी कापूस, सूत, माग, रंग, मणी, गाडीभाडं असं दहा प्रकारचं काम होतं. आणि वाट होती, तीस दिवसांची का होईना. त्या वाटेनं माल जायचा आणि तिच्याच उलट दिशेनं धान्यही येऊ शकायचं. इनामगावकडं चारी होती, वाट नव्हती. तेर सातवाहनांबरोबर संपलं नाही, हे विशेष. उतरलं, पण राहिलं. पुढं शेकडो वर्षांनी कोकणातले शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते, आणि राष्ट्रकूट 'लट्टलूरपुरवराधीश्वर'. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. त्या राष्ट्रकूटांनीच आपल्या शेजारच्या कंधारला तलाव बांधला, त्याला नाव दिलं 'जगत्तुंग समुद्र'. मराठवाड्यात तलावाला समुद्र म्हणायला छाती लागते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्यांना आठवत असेल. मी पाचवीत होतो. पाण्याच्या जागांवर जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटर अंतर. गाडी कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, ढोकी अशी तेरच्या शिवाराजवळूनच गेली. तेव्हा टीव्हीवर एकजण म्हणाला होता की हा भाग माणसाला राहण्यालायकच नाही. मला आता त्याला सांगता येईल की बाबा, इथं माणसं किती वर्षं राहिलीत ते पांढरीला विचार.

पण विचारायला पांढरी राहिली पाहिजे. आमच्या गावची निम्मी गेली. आबांच्या वेळी बैलगाडीनं माती जायची, आता जेसीबी लागतो. दिवाळीत मी कापलेल्या कडेशी जाऊन उभा राहिलो. पुरुषभर उंचीचा उभा छेद. पुस्तकात दाखवतात तसे पट्टे स्पष्ट दिसत होते: वर ढेकळं, मग राखेचा थर, मग तांबूस भाजलेली माती, मग परत राख. खाली बोटभर जाडीच्या खापराचा तुकडा निघाला, बाहेरून लाल, आतून काळा. किती जुना ते मला कळत नाही. तो मी जागेवरून काढायला नको होता, थरासकट त्याची किंमत होती, हे नंतर वाचल्यावर समजलं. आता तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलाय, वर गाव, जागा, खोली आणि तारीख लिहून.

तुमच्याही गावात माती उचलताना काही निघालं तर एवढं लक्षात ठेवा. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसील कार्यालयात अर्ज दिला तरी तो पुढं जातो. नाणी असतील तर घासून चकचकीत करू नका. सातवाहनांची शिशाची नाणी मऊ असतात, घासली की अक्षरं जातात. काढण्याआधी शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून मोबाईलवर फोटो घ्या, एक जवळून आणि एक लांबून, सगळी कड दिसेल असा. सर्व्हेइंगवाल्यांनी तर लेव्हलही घ्यावी.

रूममेटला मी पुढच्या सुट्टीत गावी नेणार आहे. आबांनी विचारलंय, नाशिकच्या पोराला ज्वारीची भाकर चालेल का.